मापाचा गुडघा

"म्हंजे माप न घेताच बसवनार?" धर्माजींनी विचारलं आणि गळ्यातली टेप सवयीनं हातात घेतली.

आता हॉस्पिटलात जाताना शहाणा माणूस टेप घरी ठेवतो. पण थळच्या बाजारात धर्माजींचं शिलाईचं दुकान उभं राहिलं त्या दिवसापासून, आंघोळ सोडली तर ती टेप त्यांच्या गळ्यातून कधी उतरली नव्हती. अलिबागच्या त्या हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टर रचना मॅडमनी आधी टेपकडे पाहिलं, मग एक्स-रेकडे, मग पुन्हा टेपकडे.

"काका, माप घेतो ना. एक्स-रेवर घेतो, ऑपरेशन करताना परत घेतो. सांधे वेगवेगळ्या साइजचे तयार येतात. तुमच्या हाडाला जो नीट बसेल तो निवडायचा. हाडाची टोकं थोडी तासून त्याच्या आकाराची करून घ्यायची."

"हाड तासून?" धर्माजी खुर्चीतच ताठ झाले. "म्हंजे शर्टाची बाही तोकडी झाली, की गिऱ्हाइकाचा हात कापायचा!"

शेजारी बसलेल्या आवडाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा-बायको दोघंही जोडीनं आले होते; धर्माजींचा डावा गुडघा गेला होता, आवडाबाईंचा उजवा. मुलगा साहिल दोघांच्या फायली मांडीवर घेऊन छताकडे बघत बसला होता. बापाबरोबर कुठंही गेलं की छताकडे बघायची त्याला लहानपणापासून सवय होती.

"मापाचा मिळतच न्हाय का? खास माझ्यासाठी बनवलेला?"

"मिळतो," मॅडम म्हणाल्या. बाई खरं बोलणाऱ्या होत्या, तीच पंचाईत झाली. "तुमच्या पायाचा सीटी स्कॅन काढायचा, तो कंपनीला पाठवायचा, ते त्यावरून तुमच्यापुरता बनवतात. पण वेळ लागतो. आणि काका, तुम्हाला गरज नाही. कुणाचं हाड जन्मापासून वेगळं असतं, कुणाचं अपघातानंतर वेडंवाकडं जुळलेलं असतं, त्यांना उपयोग होतो. इतरांना मापाचा बसवला म्हणून ते जास्त चांगले चालतात, असं अजून ठामपणे दिसलेलं नाही. तुमचा गुडघा अगदी नेहमीसारखा आहे."

झालं. 'नेहमीसारखा' म्हटल्यावर धर्माजींचा चेहरा असा पडला, की जणू मॅडमनी त्यांना बेवारशी म्हटलं. ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला 'तुमचा खांदा जरा न्यारा हाय' असं सांगून धंदा केला, त्याचाच गुडघा नेहमीसारखा?

"मला मापाचाच पाह्यजे," ते म्हणाले. "आनि थोडी माया ठेवायला सांगा. पुढंमागं लागली तर सोडता येते."

"काय ठेवायला सांगू?"

"शिवणीत जादा कापड ठेवतात ना, ती," साहिल छताकडे बघतच म्हणाला.

"आणि काकी, तुम्हाला?"

"मला जो असंल तो बसवा," आवडाबाई म्हणाल्या. "कासारीन काय माझ्या हाताचं माप घेऊन काकनं बनवती? हात दाबून बघती नि बराबर बसवती. उगं कशाला तमाशे!"

धर्माजींचा हा हट्ट वरवर पाहणाऱ्याला नुसता हट्ट वाटेल. पण त्यामागं दोन कारणं होती आणि दोन्ही रस्त्याच्या पलीकडे राहत होती. त्यांच्या दुकानावर 'प्रगती टेलर्स' आणि खाली 'मापाशिवाय कपडा नाही' अशी पाटी होती. बरोबर समोर त्यांच्या सख्ख्या पुतण्यानं, विनेशनं, काचेच्या दारांचं रेडिमेड कपड्यांचं दुकान थाटलं होतं. पुतण्या गुणी होता, रोज सकाळी 'जय भीम, काका' म्हणून हात जोडायचा, पण त्याच्या दारात उभ्या केलेल्या प्लास्टिकच्या बाहुल्या दिवसभर धर्माजींकडे बघून हसायच्या. रेडिमेड म्हणजे धर्माजींच्या लेखी अंगावर घातलेलं गोणपाट. तेच आता स्वतःच्या पायात घालून घ्यायचं आणि समोरच्यानं ते बघायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

दुसरं कारण झेंड्याचं. बाबासाहेबांच्या जयंतीला विहारातून मिरवणूक निघते, तिच्या पुढं निळा झेंडा घेऊन धर्माजी चालायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील चालायचे. गेल्या वर्षी बाजारापर्यंत जाता जाता त्यांना घाम फुटला होता आणि तेव्हाच मंडळात कुजबुज सुरू झाली होती, की पुढच्या वर्षी विनेशच्या हातात द्यावा. आता झेंडा ज्याचा पाय चालेल त्याच्याच हातात जाणार, हे धर्माजींनाही कळत होतं. म्हणून तर ते जानेवारीतच डॉक्टरकडे आले होते. एप्रिलपर्यंत पाय चालता व्हायला हवा होता, आणि झेंडा रेडिमेडवाल्याच्या हातात जायला नको होता.

स्कॅन झाला. कंपनीचा प्रणय नावाचा तरुण, गळ्यात टाय आणि तोंडात साखर, घरी येऊन गेला. "काका, असा गुडघा बनवतो की जगात दुसऱ्या कुणाला बसणार नाही!" हे वाक्य धर्माजींना इतकं आवडलं, की त्यांनी त्याला चहाबरोबर दोन खारी जादा दिल्या. साहिल म्हणाला, "तयार झाल्याशिवाय एक पैसा देणार नाही," तर त्यावर ते चिडले. विश्वास नाही म्हणे माणसावर.

मग बाजारभर सुरू झालं. कोळणीला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, माप द्यायला आलेल्या नवरदेवाला त्याच्या मांडीभोवती टेप धरून सांगितलं. "कापड इंपोर्टेड हाय. म्हंजे धातू. स्कॅनवरनं कटिंग करतात." समोरच्या काचेतून ऐकू जाईल इतक्या आवाजात ते रोज एकदा तरी म्हणायचे, "रेडिमेडवर चालनारी मानसं आपन बघितलीत. घसरतात."

इकडे आवडाबाईंचं ऑपरेशन होऊनही गेलं. त्यांना कमरेत सुई देऊन अर्धवट जागं ठेवलं होतं, आणि पडद्यापलीकडचं सगळं त्यांच्या कानावर येत होतं. घरी आल्यावर त्या साहिलला हसत हसत सांगत होत्या, "अरं, ती मॅडम म्हनती, तीन नंबर दे. घालून बघितला. म्हनती, सैल हाय, चार दे. मंग म्हनती, हां, ह्यो बसला! मला वाटलं मी चपला घ्यायला बसलेय."

"बघा!" धर्माजी म्हणाले. "असं चाचपून बसवतात. चार दिसांत कुरकुर सुरू व्हनार तुझी."

कुरकुर काही सुरू झाली नाही. पहिले दिवस रडारड झाली, पाय वाकवताना त्यांनी फिजिओथेरपीवाल्या पोरीला सात पिढ्यांसकट आठवलं. पण मग वॉकर गेला, काठी आली, काठीही कोपऱ्यात गेली, आणि मार्च संपता संपता आवडाबाई स्वतः मासळीबाजारात जाऊन बांगडे आणायला लागल्या. धर्माजी दुकानात पायमशिनीसमोर डावा पाय स्टुलावर ठेवून बसायचे आणि रस्त्यानं टकाटका येणाऱ्या बायकोच्या चालीत खोट शोधायचे. ती सापडत नव्हती, आणि त्यांना आनंद व्हावा की राग यावा हे ठरवता येत नव्हतं.

प्रणयचे मात्र फोन येत होते. पहिल्यांदा तो म्हणाला, "काका, कामाला लावलाय. पुढच्या आठवड्यात नक्की." धर्माजी खूश झाले. पुढच्या आठवड्यात म्हणाला, "काका, तिकडचा इंजिनिअर गावाला गेलाय हो. आला की पहिला तुमचाच." धर्माजींनी फोन ठेवला. 'कारागीर गावाला गेलाय' हे वाक्य त्यांनी स्वतः अख्ख्या तालुक्याला ऐकवलं होतं. वास्तविक प्रगती टेलर्समध्ये कारागीर कधी नव्हताच.

हो, हे सांगायचं राहिलं. धर्माजींचा हात सोन्याचा होता, पण दिलेल्या तारखेला त्यांनी आयुष्यात एक कपडा दिला नव्हता. दुकानाच्या वरच्या फळीवर न नेलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्यात सर्वांत वर सिद्धेश नावाच्या गिऱ्हाइकानं लग्नासाठी शिवायला टाकलेला कोट होता. सिद्धेशचं लग्न होऊन त्याची पोरगी आता बालवाडीत जात होती. तो लग्नात विनेशकडचा कोट घालून उभा राहिला आणि तेव्हापासून धर्माजींसमोर येऊ नये म्हणून मासळीबाजाराच्या मागून वळसा घालून घरी जात होता.

एक दिवस शाळेतल्या मानसी मॅडम दुकानात आल्या. "काका, गुडघा कधी मिळतोय?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि माझा ड्रेस?"

"त्योबी पुढच्या आठवड्यात."

"एकाच ठिकाणी टाकलेत वाटतं शिवायला," मॅडम म्हणाल्या आणि दुकानातली बाकी गिऱ्हाइकं खो खो हसली. समोर काचेच्या दारात विनेश उभा होता, तो मात्र हसला नाही. त्यानं पाठ फिरवली, आणि त्याचे खांदे हलताना दिसले.

जयंती तोंडावर आली तेव्हा धर्माजींनी स्वतःच फोन लावला. "झालाय हो काका!" प्रणय म्हणाला. "फक्त पॉलिश राहिलंय."

धर्माजींच्या हातातला फोन खाली आला. ते दुकानामागच्या घराकडे तोंड करून ओरडले, "आवडे! अगं, माझ्या गुडघ्याला अजून कात्रीच लागली न्हाय!"

"तुमाला कसं कळलं?" आतून आवाज आला.

"पॉलिश राह्यलंय म्हनतो. मी 'काजं-बटनं राह्यलीत' कवा म्हनतो?"

"कापड गठड्यातच असतं तवा," आवडाबाई म्हणाल्या. इतकी वर्षं संसार केला होता, त्यांना पाठ होतं.

जयंतीच्या सकाळी विहारासमोरचं अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरून गेलं. वंदना झाली. धर्माजी काठी टेकत पुढं आले, काठी साहिलकडे दिली आणि झेंडा उचलला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि डावा गुडघा असा काही कळवळला की ते झेंड्यासकट विहाराच्या पायरीवर बसले. ढोलताशा थांबला. कुणी पाणी आणलं, कुणी 'असू द्या, असू द्या' म्हणालं, आणि गर्दीतून विनेश पुढं आला.

"काका, द्या इकडं," तो हळूच म्हणाला. "यंदापुरता मी धरतो."

पोरगा मनापासून बोलत होता, त्याच्या आवाजात जरासुद्धा खोट नव्हती. पण धर्माजींची नजर त्याच्या सदऱ्याच्या कॉलरवर गेली. कॉलरला अजून साइजचा गोल स्टिकर तसाच चिकटलेला होता. त्यांनी झेंड्याची काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली. बापाचा हात तिथं फिरला होता. त्यांना रडूच येणार होतं, आणि चारचौघांत रडायचं नव्हतं म्हणून ते ओरडले.

"झेंडा आमच्या घरातनं जानार न्हाय! आवडे, धर!"

"मी?" आवडाबाई दचकल्या.

"तू न्हाय तर काय मी? दोन पाय हायेत न्हवं चालनारे?"

मग बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी 'जय भीम' अशी आरोळी ठोकली, आणि आवडाबाईंनी पदर कमरेला खोचला.

मिरवणूक निघाली. धर्माजींना मागच्या टेंपोत, स्पीकरच्या भोंग्याशेजारी खुर्चीवर बसवलं. तिथून त्यांना पुढं फक्त बायकोची पाठ दिसत होती. पांढरी साडी, पांढरा ब्लाऊज, वर फडफडणारा निळा झेंडा. बाई अशी चालत होती, की आजवर दुसरं काही केलंच नव्हतं. विहारापासून बाजार, बाजारापासून एसटी थांबा, कुठं अडखळणं नाही की थांबणं नाही. धर्माजींचा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला की त्यांना धंदाच आठवायचा. टेंपोला धरून विनेश चालत होता, त्याला त्यांनी भोंग्याच्या वरताण ओरडून सांगितलं, "काकीची पाठ बघ! ब्लाऊजला एक चुनी हाय का? खांदा बघ कसा बसलाय! ह्याला म्हनतात माप!"

विनेशनं बघितलं. "खरंय, काका," तो म्हणाला आणि लगेच टेंपोच्या दुसऱ्या बाजूला गेला.

संध्याकाळी आवडाबाई पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. दिवसभर सगळा गाव त्यांच्या पाया पडून गेला होता. धर्माजींनी स्वतः चहा करून आणला, जो ते कधी करत नसत.

"चाललीस गं तू," ते म्हणाले. "खरं सांगतो, माझ्यापरीस बरी चाललीस."

"त्या मॅडमला फोन करा नि तसलाच बसवून घ्या."

"रेडिमेड? मी? उद्या विनेश काय म्हनंल? आपल्या घरात रेडिमेडचा एक धागा आला न्हाय आजवर."

आवडाबाईंनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. मग पाठ त्यांच्याकडे वळवून, मानेमागची ब्लाऊजची पट्टी बोटानं उलटी केली. आत विनेशच्या दुकानाचं लेबल होतं.

धर्माजींनी लेबलाला बोट लावून बघितलं. "ह्यो... ह्यो तर मी शिवलाय."

"तुमी कापलाय. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला. त्यो अजून त्या गठड्यात हाय. आनि त्याच्या आदलाबी, आनि त्याच्याबी आदलाबी. मी काय उघडी फिरू? विनेशकडं जाते, साइज बघते, घरी येऊन बाजूनं दोन टाके घालते. बसतो."

"सगळे?"

"लग्नानंतरचे पयले दोन सोडून समदे. विनेशचं दुकान न्हवतं तवा अलिबागहून आनायची."

धर्माजींनी एकदम गळ्यातली टेप काढली आणि पडवीच्या खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "विनेशला ठावं हाय?"

"बिल त्योच करतो."

"आनि मी टेंपोवरनं..."

"भोंग्याच्या वरताण वरडलात. मला फुडं ऐकू येत हुतं. झेंडा धरलेला म्हनून, न्हायतर पोट धरून बसले असते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रचना मॅडमना फोन केला. "जो असंल तो बसवा," एवढंच म्हणाले. त्यांना पाच नंबर बसला, आणि आवडाबाईंपेक्षा एक नंबर मोठा म्हणून त्यांना जरा बरं वाटलं. प्रणयला मात्र त्यांनी काही कळवलं नाही. सांगायला तोंडच नव्हतं. त्याचा फोन आला की ते मोबाइल कापडाच्या चिंध्यांखाली ठेवून द्यायचे. सिद्धेश मासळीबाजारामागून का जातो, हे त्यांना आता अगदी आतून समजलं होतं.

जूनमध्ये शाळेच्या युनिफॉर्मची झुंबड उडाली आणि धर्माजी पुन्हा दुकानात उभे राहिले. चालही झकास होती. गिऱ्हाइकं वाकून वाकून बघत होती. "काका, काय चाल आलीय! मापाचं ते मापाचंच!" धर्माजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते, फक्त गळ्यातली टेप सारखी करत होते. आतल्या खोलीत तेवढ्यात आवडाबाईंना खोकला यायचा. समोरचा विनेशही गप्प होता. तिघांचं आपलं छान चाललं होतं.

अशाच एका भरगच्च सकाळी टाय लावलेला प्रणय दुकानाच्या पायऱ्या चढून वर आला. हातात खोका होता आणि चेहऱ्यावर दिवाळी.

"काका! फोन का उचलत नाही? झाला की हो तुमचा गुडघा तयार!"

दुकानातली मशीन थांबली. सगळ्यांच्या माना आधी खोक्याकडे, मग धर्माजींच्या डाव्या पायाकडे वळल्या. मानसी मॅडमनी चष्मा पुसला. समोरून विनेश रस्ता ओलांडून आला, कारण इतकं बघायला मिळणार असेल तर माणुसकीही थोडी बाजूला ठेवावी लागते.

"मी... घेतला दुसरा," धर्माजी पुटपुटले.

"दुसरा? कुठून?"

"तयार मिळाला."

"अहो पण काका, मी आता याचं काय करू? हा जगात दुसऱ्या कुणालाच बसणार नाही!"

धर्माजींची नजर आपोआप वर गेली. फळीवर सिद्धेशचा कोट होता, त्याखाली कुणाच्या न नेलेल्या पँटी, कुणाचे झगे. सगळे अगदी मापाचे. त्यांनी प्रणयकडे पाहिलं आणि त्यांना त्या पोराची मनापासून दया आली.

"पोरा, असं होतं," ते म्हणाले. "येळेवर दिलं न्हाय, की गिऱ्हाईक समोर जातं."

एवढं बोलून ते थांबले, कारण दुकानातली झाडून सगळी माणसं त्यांच्याकडे रोखून बघत होती.

प्रणय खोका परत घेऊन गेला. खोक्यात गुडघ्याबरोबर आला होता तो धर्माजींच्या हाडाचा प्लास्टिकचा साचा मात्र आठवण म्हणून ठेवून गेला. धर्माजींनी तो वर फळीवर सिद्धेशच्या कोटाशेजारी ठेवला, आणि त्याच हातानं तळातलं एक जुनं गठडं खाली ओढलं. त्यात पांढरं ब्लाऊजपीस होतं, कापलेलं, खडूच्या खुणांसकट.

"आवडे, भायेर ये," त्यांनी हाक मारली. "माप घेतो. परत घेतो. ह्यो आज शिवूनच देतो, समद्यांच्या देखत."

आवडाबाई बाहेर आल्या. हात पसरून उभ्या राहिल्या. धर्माजींनी टेप लावली, आकडे पुटपुटले, कात्री उचलली. गिऱ्हाइकं बघायला पुढं सरकली.

"विनेश," आवडाबाई हात पसरलेल्याच म्हणाल्या, "जाताना एक पांढरा काढून ठेव रं. माझ्या मापाचा."

"किती नंबर, काकी?"

"न्हेमीचाच."

धर्माजींनी मान वर केली नाही. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून ते सुईत ओवत होते. "फक्त काजं-बटनं राहतील," ते म्हणाले.